जुना केग ओळखायचा कसा आणि त्याचे सुटे भाग बेळगाव परिसरात मिळवायचे कसे

मोडीत निघालेल्या हॉटेलचं सामान, सोडा फाउंटनचं जुनं मशीन किंवा गोव्याकडे कुणी घरगुती ब्रूइंगची (बिअर बनवण्याची) हौस आवरती घेतल्यावर निघालेला माल बेळगाव, खानापूर, निपाणीच्या भंगारात येतो. त्यात कधीकधी केग, म्हणजे पेय दाबाखाली साठवायची स्टेनलेस स्टीलची एक उंच टाकी सापडते: वर अंडाकृती झाकण, झाकणाच्या दोन बाजूंना दोन छोटी तोंडं आणि वर-खाली काळ्या रबराचं आवरण. भंगारवाला ती स्टीलच्या भावाने वजनावर देतो. घेणारा खुशीत घरी आणतो, ऑनलाइन भाग मागवतो आणि ते बसत नाहीत. बहुतेक वेळा कारण एकच असतं. भाग आधी मागवलेले असतात आणि माप नंतर घेतलेलं असतं. म्हणून या लेखाचा बराचसा भाग मापं घेण्यावरच खर्च केला आहे.

कायद्याचं आधीच सांगून टाकू. कर्नाटकात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं १९६५ च्या अबकारी कायद्यानुसार गुन्हा आहे. सीमा ओलांडून चंदगड-गडहिंग्लजला गेलात तरी सुटका नाही, तिथे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. केग हे नुसतं भांडं आहे, ते बाळगायला हरकत नाही. आपल्याकडे त्याचा खरा उपयोग सोडा, आल्याचं सरबत, कोकम, लिंबू, थंड कॉफी यांसाठी होतो. परवाना असलेल्या ठिकाणी बिअरसाठी वापरायचा असला, तरी भाग आणि दुरुस्ती हीच.

आधी हवा सोडा

केग कितीही वर्षं पडून असला तरी आत दाब आहे असं धरूनच हात लावा. झाकणावर ओढायची छोटी रिंग असेल तर ती ओढून धरा, फुसफुस पूर्ण थांबेपर्यंत. रिंग नसेल तर दोन तोंडांपैकी एकाच्या मधोमध दिसणारी छोटी दांडी लाकडी काडीने दाबा. वर फडकं धरा आणि आपला चेहरा बाजूला ठेवा, कारण केगचं ते तोंड पातळ पदार्थाचं निघालं तर आतलं कुजकं सरबत थेट अंगावर येतं.

हे झाल्याशिवाय तोंडांच्या नटाला पाना लावू नका. आत दाब असताना आटे सुटले तर नट गोळीसारखा उडतो. झाकणाचं तसं नाही. ते आतून वर दाबून बसतं, त्यामुळे दाब असेल तर उघडतच नाही. कडी वर उचलली आणि झाकण खाली गेलं नाही, तर एक तर दाब शिल्लक आहे किंवा जुन्या साखरेने रबर चिकटलं आहे. दाब नाही याची खात्री झाली की कडेने गरम पाणी ओता, दहा मिनिटं थांबा आणि तळहाताने झाकण खाली दाबा. हातोडी नको. झाकणाची कड जरा जरी वाकली, तरी पुढे कुठलीच ओ-रिंग (गळती रोखणारी गोल रबरी रिंग) तिथे धरत नाही.

कुठल्या जातीचा?

वर मधोमध एकच मोठा व्हॉल्व्ह असेल आणि झाकण अजिबात नसेल, तर तो बिअर कंपनीचा व्यापारी केग. तो बाजूला ठेवा आणि विकत घेऊ नका. असे केग बहुधा बिअर कंपनीच्याच मालकीचे असतात, आणि त्यांचा मधला दांडा दाबाखाली उपटायला जाणं जिवावर बेतू शकतं.

अंडाकृती झाकण आणि दोन तोंडं असतील तर तो कॉर्नेलियस पद्धतीचा, बोलीभाषेत ‘कॉर्नी’ केग. अमेरिकेत कोल्ड्रिंकचं सिरप दुकानांपर्यंत न्यायला हे बनले. पुढे सिरप पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या पिशव्यांतून येऊ लागलं, हे केग रिकामे पडले आणि घरी बिअर बनवणाऱ्यांनी उचलले. सगळ्यात जास्त आढळणारं माप ५ अमेरिकी गॅलनचं, म्हणजे जवळजवळ १९ लिटरचं. अंगावर किंवा वरच्या रबराजवळ कोरलेली अक्षरं ओल्या फडक्याने पुसून वाचा. बनवणाऱ्याचं नाव (कॉर्नेलियस, फायरस्टोन, जॉन वुड ही जुनी नावं), अनुक्रमांक आणि कमाल दाब तिथे असतो. बऱ्याच जुन्या केगांवर १३० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, दाबाचं माप), म्हणजे साधारण ९ बार असं कोरलेलं आढळतं. तो आकडा नव्या केगचा आहे. पन्नास ठिकाणी आपटलेल्या केगकडून त्याची अपेक्षा ठेवू नका.

आता तोंडं पाहा. इथे दोन घराणी आहेत.

बॉल लॉक हे पेप्सीच्या वापरातलं घराणं. तोंड गुळगुळीत आणि गोल असतं, बाहेर काहीही आलेलं नसतं. पाइप लावायला तोंडावर बसणाऱ्या जोडणीच्या आत छर्रे असतात, ते तोंडाच्या खाचेत अडकतात. केग उंच आणि सडपातळ असतो: उंची ६३ सेंमीच्या आसपास, व्यास साधारण २१.५ सेंमी. झाकणावर बहुधा ओढायची रिंग असते.

पिन लॉक हे कोका-कोलाचं घराणं. तोंडाच्या बाजूने छोट्या पिना बाहेर आलेल्या असतात. गॅसच्या तोंडाला दोन, पातळ पदार्थाच्या तोंडाला तीन. केग बुटका आणि किंचित जाड असतो: उंची ५६ सेंमीच्या आसपास, व्यास २३ सेंमी. झाकणावर बऱ्याचदा रिंग नसते, नुसता सुरक्षा व्हॉल्व्ह असतो आणि तो जास्त दाब झाल्यावरच आपोआप सुटतो. अशा केगला रिंगवालं झाकण मिळत असेल तर पहिला खर्च त्यावर करा.

पिना तुटलेला पिन लॉक भंगारात बॉल लॉक म्हणून खपवला जातो. तोंडावर बोट फिरवा, तुटलेल्या पिनेचा खरखरीत ठसा लगेच लागतो.

पिन लॉकमध्ये पिनांच्या संख्येमुळे गॅसचं तोंड कुठलं ते चुकत नाही. बॉल लॉकमध्ये दोन्ही तोंडं लांबून सारखीच दिसतात. नीट पाहिलं की गॅसच्या तोंडाच्या षटकोनी बुडाला कोपऱ्यांवर छोट्या खाचा दिसतात, पातळ पदार्थाच्या तोंडाला त्या नसतात. केगच्या अंगावर बहुधा ‘इन’ आणि ‘आउट’ कोरलेलं असतं. पण दोन्हीकडचे आटे सारखे असल्यामुळे आधीच्या कुणी धुताना तोंडांची अदलाबदल केलेली असू शकते. शेवटचा पुरावा आतल्या नळीचा: ज्या बाजूला बुडापर्यंत जाणारी लांब नळी आहे ती पातळ पदार्थाची, जिथे बोटभर नळी आहे ती गॅसची. जोडण्यांमध्ये करडी गॅसची आणि काळी पातळ पदार्थाची. चुकीची जोडणी जोर लावून बसवली तर ती बसते, पण निघत नाही.

तोंड सोडवायचा पाना

इथे इंची मापं लागतात आणि आपल्या पेटीत बहुधा मिलिमीटरचे पाने असतात. बऱ्याच बॉल लॉक तोंडांना ७/८ इंची खोल सॉकेट लागतो, काहींना ११/१६ इंची बारा कोनांचा. ७/८ म्हणजे २२.२ मिमी. २२ चा पाना चढत नाही, आणि २३ चा चढवून पिळलात तर कोपरे गोल होतात. ट्रॅक्टर आणि जुन्या इंची मशिनरीची हत्यारं ठेवणाऱ्या दुकानात हे सॉकेट मिळतात.

पिन लॉकला १३/१६ इंची सॉकेट लागतो आणि त्यात पिनांसाठी खाचा असाव्या लागतात. यावर सोपा उपाय आहे. स्कूटर-कारच्या प्लगचा पाना त्याच मापाच्या जवळ असतो. जुना प्लग पाना घ्या, केगच्या तोंडावर उलटा टेकवून पिनांच्या जागा खडूने आखा आणि ग्राइंडरने तिथे खाचा पाडा. पाइप पाना किंवा पक्कड लावलीत की पिना वाकल्याच समजा.

आटे: सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात

केगच्या डोक्यावर वेल्ड केलेल्या नळकांड्याला बाहेरून आटे असतात आणि तोंड त्यावर नटासारखं बसतं. म्हणून माप केगवरच्या आट्यांचं घ्यायचं, तोंडाचं नंतर. तीन मापं नेहमी भेटतात: ९/१६ इंच, १९/३२ इंच आणि ५/८ इंच. तिन्हींना इंचाला १८ आटे असतात. मिलिमीटरमध्ये बाहेरचा व्यास अनुक्रमे १४.२९, १५.०८ आणि १५.८८. वापरलेल्या आट्यांवर व्हर्नियर (बारीक माप घ्यायचा कॅलिपर) एक-दोन दशांश कमीच दाखवतो, तेव्हा १४.१ आलं तर ९/१६ आणि १४.९ आलं तर १९/३२ समजा. दोन शेजारच्या मापांत जेमतेम ०.८ मिमीचा फरक आहे. फुटपट्टीने हे कळणं शक्य नाही. व्हर्नियर नसेल तर केग घेऊन कुठल्याही टर्नरकडे जा, दोन मिनिटांचं काम आहे.

जाहिरातीत ‘सगळ्या केगांना बसेल’ असं लिहिलेलं तोंड बहुधा १९/३२ चं असतं. ते ९/१६ च्या नळकांड्यावर चढवलं तर छान फिरतं, वरून घट्टही वाटतं, पण आट्यांची पकड वरवरची असते. सोड्याचा ३० पीएसआय दाब दिल्यावर ते गळतं किंवा निसटतं. उलट ९/१६ चं तोंड १९/३२ वर जोराने पिळलं तर स्टेनलेसवर स्टेनलेस घासून आटे एकमेकांत जाम होतात. मग ना पुढे जातं, ना मागे येतं, आणि नळकांडं कापायची वेळ येते. स्टेनलेसच्या आट्यांना बसवताना नेहमी खाद्य दर्जाच्या सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्या, आणि पहिले दोन-तीन फेरे हातानेच फिरले पाहिजेत.

बेळगावात आणखी एक गोंधळ होतो आणि तो इथल्या हुशारीतूनच होतो. उद्यमबाग, मच्छेचे टर्नर हायड्रॉलिकच्या कामात मुरलेले आहेत. त्यांच्या हाताला बीएसपी (ब्रिटिश पद्धतीच्या पाइपच्या) आट्यांची सवय असते. बीएसपीच्या १/४ आणि ३/८ ला इंचाला १९ आटे असतात आणि आट्याचा कोन ५५ अंशांचा. केगला १८ आटे आणि ६० अंश. डोळ्याला फरक दिसत नाही, पिच गेज (आट्यांचं अंतर तपासायची दातेरी पट्टी) लावला की उजेडाची बारीक फट दिसते. काम देताना ‘इंचाला अठरा, साठ अंश’ असं कागदावर लिहूनच द्या.

नवीन तोंड लेथवर करून घेता येतं का? येतं, पण विचार करून. ९/१६-१८ आणि ५/८-१८ ही प्रमाणित यूएनएफ (बारीक इंची आट्यांची) मापं आहेत, त्यांचे टॅप (आतले आटे पाडायचं हत्यार) हत्यारांच्या दुकानात मागवून मिळतात. १९/३२-१८ प्रमाणित नाही. त्याचे आटे लेथवर एका टूलनेच काढावे लागतात आणि लेथला इंची आट्यांचे गिअर हवेत. माल ३०४ किंवा ३१६ स्टेनलेसचाच हवा, पितळ नको. तोंडाच्या बाहेरच्या खाचेचं माप हे जोडणीच्या छर्‍यांवर अवलंबून असतं, तिथे थोडंही चुकलं तरी जोडणी दाबाखाली सुटते. म्हणून आमचं मत असं: मापाचं तयार तोंड मिळत असेल तर तेच घ्या, आणि टर्नरकडे जुनं तोंड नमुना म्हणून दिल्याशिवाय काम टाकू नका. पिन लॉकवरून बॉल लॉकवर जायचं असेल तर त्यासाठी खास तोंडं मिळतात. बऱ्याच पिन लॉक केगांचे आटे ९/१६ चे असतात, तरी मोजल्याशिवाय मागवू नका.

ओ-रिंगा

एका केगला पाच लागतात: झाकणाला मोठी एक, दोन तोंडांना बाहेरून एकेक, दोन नळ्यांच्या कॉलरखाली एकेक. जुन्या केगच्या पाचही न पाहता फेकून द्या. कोल्ड्रिंकचा वास स्टीलला धरत नाही, तो रबरात मुरतो आणि तुमच्या साध्या सोड्यात उतरतो.

बॉल लॉक तोंडाच्या ओ-रिंगचा आतला व्यास साधारण १०.८ मिमी आणि जाडी २.६ मिमी. अमेरिकी क्रमांकात ही १११ नंबरची, सीलवाले या नंबरवरून लगेच काढून देतात. नळीखालची आतून साडेसात-आठ मिमीची, जाडी तीच. झाकणाची साडेसहा ते सात मिमी जाडीची असते. तिचं माप मात्र जुनी रिंग सोबत नेऊनच जुळवा. जुनी रिंग दबून चपटी झालेली असते, म्हणून जाडी मोजताना सगळ्यात जाड दिसेल त्या जागी मोजा.

दुकानदार २.६ ऐवजी अडीच मिमीची मेट्रिक रिंग पुढे करतो, ‘चालतंय’ म्हणतो. पाण्याला चालते, गॅसला चालत नाही. रात्रभरात गॅस संपतो आणि गळती कुठे आहे ते सापडत नाही.

मालाबद्दल. हायड्रॉलिकच्या दुकानात काळी रिंग मागितली की एनबीआर (नायट्राइल रबराची) मिळते. ती तेलासाठी बनवलेली असते. मापात बसेल, पण तिला खाद्य दर्जा नसतो आणि सोड्याला रबराची चव येते. ‘फूड ग्रेड ईपीडीएम’ (दुसऱ्या जातीचं कृत्रिम रबर) असं स्पष्ट मागा. ईपीडीएम गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि आंबट पदार्थ यांना दाद देत नाही. पण तिला तेल आणि पेट्रोलियम जेली अजिबात चालत नाही, व्हॅसलीन लावलं की ती फुगते आणि सैल होते. वंगण सिलिकॉनचं, खाद्य दर्जाचं, तेही नखाएवढंच.

सिलिकॉनची रिंग मऊ असते, म्हणून पोचा आलेल्या झाकणाला ती छान धरते. तिच्यातून कार्बन डायऑक्साइड हळूहळू झिरपतो हेही खरं. रोज वापरात असलेल्या केगला त्याने फरक पडत नाही, महिनाभर भरून ठेवायचा असेल तर पडतो. तोंडांवर मात्र सिलिकॉन नको, जोडणी चढवता-उतरवताना ती कातरली जाते.

मोठ्या रिंगेचं माप मिळालं नाही की रबराची दोरी कापून, गमने चिकटवून रिंग करून देण्याची पद्धत सीलच्या दुकानांत आहे. मशीनच्या झाकणाला ती चालते. केगला नको. जोड गॅस सोडतो, आणि गम पोटात जायची वस्तू नाही.

पॉपेट, नळ्या, झाकण

तोंडाच्या आतल्या स्प्रिंगच्या छोट्या व्हॉल्व्हला पॉपेट म्हणतात. जोडणी काढल्यावर तोंडातून बुडबुडे येत असतील तर दोष इथे आहे. आधी काढून कोमट पाण्यात भिजवा. अर्ध्या वेळा साखरेचा कणच अडकलेला असतो. रबर फाटलं असेल तर पूर्ण पॉपेट बदला. काही पॉपेटची स्प्रिंग सुटी असते, काहींना तळाशी तीन पाय असतात आणि ते नळीच्या कॉलरवर टेकतात. पायांची उंची तोंडाच्या आतल्या उंचीप्रमाणे असते. उंच पॉपेट बसवलं तर जोडणी नीट बसत नाही, ठेंगणं बसवलं तर झडप बंदच होत नाही. म्हणून बदली पॉपेट घेताना जुनं शेजारी उभं धरून उंची जुळवा.

नळी साधारण ८ मिमी व्यासाची असते. लांब नळी वाकलेली असेल तर बुडाच्या खळग्यात तिचं टोक येत नाही आणि शेवटचं लिटर-दीड लिटर वरच येत नाही. जुन्या केगमधली गॅसची आखूड नळी कधीकधी प्लास्टिकची आणि तडकलेली असते, ती स्टीलची करून घ्या. नळी लेथवाल्याकडे होते, कॉलर मात्र गुळगुळीत हवी. त्यावर टूलच्या रेघा राहिल्या तर ओ-रिंग त्यातून गॅस सोडते.

झाकणाच्या कडीच्या पायांचे रबरी बूट गेले असले तर झाकणाला नीट दाब बसत नाही, बूट नवे घाला. सुरक्षा व्हॉल्व्ह गळत असेल तर बदला. बोल्ट घालून तो कायमचा बंद करण्याचा ‘उपाय’ कुणी सुचवला तर त्या माणसाकडून दुसरंही काही करून घेऊ नका.

कुठे काय मिळतं

ओ-रिंगा, स्टेनलेसची स्प्रिंग, नळी, प्रेशर गेज, हे सगळं बेळगावात खानापूर रोडवर उद्यमबागेच्या आसपासच्या सील, हायड्रॉलिक आणि टूल्सच्या दुकानांतून निघतं. निपाणी-चिकोडीकरांना कोल्हापूरची शिरोली आणि गोकुळ शिरगाव जवळ पडतात. खानापूर, कारवारकडच्यांनी गोव्यातली वाटही पाहावी, तिकडे बिअरचे छोटे कारखाने असल्यामुळे केगची कामं माहीत असलेली माणसं भेटतात.

तोंडं, पॉपेट, झाकण आणि जोडण्या मात्र इथल्या बाजारात शोधण्यात दिवस घालवू नका. त्या ब्रूइंगचं सामान विकणाऱ्यांकडून ऑनलाइनच मागवाव्या लागतात. मागवताना चार गोष्टी लिहून पाठवा: बॉल की पिन, गॅस की पातळ, केगवरच्या आट्यांचा मोजलेला व्यास, आणि जुन्या तोंडाचा बाजूने काढलेला फोटो, शेजारी पट्टी ठेवून.

जोडणी घेताना पाइप खुपसायच्या टोकाऐवजी १/४ इंची फ्लेअरचे आटे असलेली घ्या. हे आटे ७/१६-२० चे असतात, म्हणजे फ्रिज-एसी दुरुस्तीवाले वापरतात तेच. रात्री नट हरवला तरी सकाळी गावातल्या एसीच्या दुकानात मिळतो. मात्र तिथला नट पितळी असतो, तो फक्त गॅसच्या बाजूला लावा. सोड्याचं पाणी आंबट असतं आणि पितळातलं तांबं त्यात उतरतं, म्हणून पातळ पदार्थाच्या बाजूला स्टेनलेस किंवा प्लास्टिकच हवं.

घ्यायचा की सोडायचा

पैसे देण्यापूर्वी मोबाइलचा टॉर्च आत टाकून बूड आणि बुडाच्या वेल्डची रेघ पाहा. चहासारखा तपकिरी डाग पुसला जातो, त्याची काळजी नको. पण काळा ठिपका दिसला आणि लांब सळईच्या टोकाला तिथे खळगा लागला, तर स्टील आतून खाल्लं गेलं आहे. खालचा रबरी बूट शक्य झाल्यास उतरवून पाहा. तिथे वर्षानुवर्षं खारट-ओलं पाणी साचतं आणि बाहेरून चकचकीत दिसणारा केग बुटाच्या आत पोखरलेला निघतो. अंगावरचे गोलसर पोचे चालतात. वेल्डवर आलेला किंवा धारदार घडी पडलेला पोचा असेल तर सोडून द्या. झाकणाच्या तोंडाची कड वाकलेली असेल तरीही सोडून द्या. भिंतीला भोक असेल तर टिग वेल्डिंग करून दाबासाठी वापरायचा विचार करू नका.

धुणं आणि चाचणी

सगळं सुटं करा. कोमट पाण्यात लिटरला २०-३० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून रात्रभर भरून ठेवा, नळ्या आतून बारीक ब्रशने घासा. नंतर स्वच्छ पाणी, मग लिटरला २० ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून तासभर. पांढरा थर आणि तपकिरी डाग त्यात जातात. ब्लीच नको, त्यातलं क्लोरीन स्टेनलेसला खड्डे पाडतं. भांड्यांची लोखंडी घासणीही नको, तिचे कण आत रुततात आणि गंजतात.

अनोळखी केगची पहिली दाबचाचणी पाण्याने करा, हवेने नाही. दाबाखालची हवा फुटली तर स्फोट होतो, पाणी नुसतं सांडतं. केग काठोकाठ भरा आणि हायड्रॉलिकवाल्यांकडचा हातपंप जोडून ४ बार, म्हणजे साधारण ६० पीएसआयपर्यंत न्या. दहा मिनिटं काटा हलता कामा नये. यानंतर तुमची वापराची कमाल मर्यादा ३० पीएसआय ठेवा.

मग गॅसची गळती. केग रिकामा करून ३० पीएसआय हवा भरा, झाकण ‘टक्’ करून बसू द्या, साबणाचं पाणी झाकणाभोवती, तोंडांवर, नटांच्या बुडाशी लावा. सगळ्यात चांगलं म्हणजे डोकं पाण्याच्या पिंपात उलटं बुडवणं. पुरवठा बंद करून रात्रभर ठेवा. पहाटे गारठ्याने काटा किंचित उतरतो, ती गळती नव्हे. ही चाचणी पाणी भरून आणि कार्बन डायऑक्साइड देऊन करू नका. गॅस पाण्यात विरघळतो, काटा आपोआप उतरतो, आणि नसलेली गळती शोधत तुम्ही नव्या ओ-रिंगा बदलत बसता.

झाकण कमी दाबावर गळतं आणि जास्त दाबावर थांबतं हे स्वाभाविक आहे. प्रत्येक वेळी भरल्यावर आधी ३० पीएसआय देऊन झाकण बसवा, मग हवा तो दाब ठेवा. तरीही गळलं तर झाकण काढून अर्धा फेरा फिरवून बसवा.

गॅस

सिलेंडर खाद्य दर्जाच्या कार्बन डायऑक्साइडचा मागा आणि त्यावर कोरलेली चाचणीची तारीख वाचा. परदेशी रेग्युलेटरचा नट आपल्या सिलेंडरला बसत नाही, म्हणून भारतीय रेग्युलेटर घ्या आणि सिलेंडरवर फिरवून पाहूनच पैसे द्या. वेल्डिंगचा रेग्युलेटर स्वस्तात मिळतो, पण तो मिनिटाला किती लिटर गॅस जातो ते ठरवतो, दाब नाही. केगला तो उपयोगाचा नाही. सिलेंडर उभा आणि बांधून ठेवा. आडवा ठेवला तर द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो. ३१ अंशांच्या वर हा गॅस द्रवरूपात राहत नाही आणि सिलेंडरमधला दाब झपाट्याने चढतो. बेळगावचा उन्हाळा जरा सौम्य, पण बिदर-भालकीकडे सिलेंडर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवणं धोक्याचं आहे. बंद खोलीत गळती झाली तर हा गॅस खाली साचतो आणि माणूस गुदमरतो. खिडकी उघडी ठेवा.

सोड्यासाठी पाणी आधी थंड करा. ४ अंशांवर ३० पीएसआय दिला की पाण्याच्या आकारमानाच्या सुमारे चौपट गॅस विरघळतो. खोलीच्या तापमानाला त्याच दाबावर तो जवळजवळ निम्मा होतो. घाई असेल तर केग आडवा करून, गॅस जोडलेला ठेवून, पाच मिनिटं हलवा.

काय भरू नये

मीठ घातलेलं काहीही केगमध्ये ठेवू नका. मिठाचं पाणी आणि कोकम किंवा लिंबाचा आंबटपणा एकत्र आला की ३०४ स्टेनलेसलाही खड्डे पडतात. लिंबू सोडा असो की सोलकढीसाठीचं आगळ, मीठ पेल्यात घाला. कोकमाचा अर्क दोनदा फडक्यातून गाळून घ्या, आल्याचा रस रात्रभर ठेवून वरचा निवळ तेवढाच घ्या. चोथ्याचा एक धागा पॉपेटमध्ये अडकला की जोडणी काढल्यावर तोंड बंदच होत नाही आणि पूर्ण केग जमिनीवर जातो. आमरसासारखं दाट काही भरायचं असेल तर केगच नको.

रिकामा केग धुऊन, पूर्ण वाळवून, झाकण लावून १० पीएसआय गॅसवर ठेवा. पुढच्या वेळी रिंग ओढल्यावर आवाज आला तर सगळ्या ओ-रिंगा शाबूत आहेत. आवाज आला नाही, तर पाहुणे यायच्या आदल्या दिवशीच ते कळलेलं असेल. अशा वेळेसाठी तोंडाच्या चार आणि नळीखालच्या चार ओ-रिंगा, एक झाकणाची रिंग आणि दोन पॉपेट डबीत जवळ ठेवा. डबीच्या झाकणावर आट्यांचं माप मार्करने लिहून ठेवा.